बातमीचीही छाट हवी



कुंभारीत माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक टेबल, एक दिवा, बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि भिंतीला टांगलेली कव्हरं. फोनचे जे आजार सगळीकडे असतात तेच माझ्याकडेही येतात. कुणाची काच फुटलेली असते, कुणाची बॅटरी फुगलेली, कुणाची चार्जिंगची पिन सैल झालेली. पण आमच्या वसाहतीतल्या फोनला आणखी एक खास आजार आहे. आवाज दबल्यासारखा येतो. स्पीकरची जाळी उघडून ब्रश फिरवला की तपकिरी भुकटी खाली पडते आणि पाठोपाठ मला शिंक येते. ती तंबाखूची भुकटी असते.

ही भुकटी तिथं कशी गेली, हे आमच्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की कुंभारी येतं. इथं गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहत आहे. दहा हजार घरांची ही वसाहत नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या संघटनेच्या लढ्यातून उभी राहिली. 2006 साली तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग घरांच्या वाटपाला आले होते. पुढे कुंभारीतच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प झाला आणि जानेवारी 2024 मध्ये त्यातली पहिली पंधरा हजार घरं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. आता या घरांत दुपारी दोन वाजता डोकावून बघा. उंबऱ्याशी किंवा भिंतीला टेकून एक बाई बसलेली असते. मांडीवर सूप असतं, सुपात तेंदूची कापलेली पानं, तंबाखू आणि दोरा. सुपाच्या कडेला, नाहीतर समोरच्या डब्याला टेकवून ठेवलेला असतो मोबाईल. हात विडीत, डोळे निम्मे विडीत आणि कान फोनकडे. मी दुरुस्त करतो ते फोन हेच.

मी स्वतः अशाच एका सुपाशेजारी वाढलो. आम्ही तेलुगू बोलणारे पद्मशाली. घरात तेलुगू, शाळेत आणि रस्त्यावर मराठी. कुंभारीला यायच्या आधी आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात एका खोलीत राहत होतो. अम्मा पहाटेपासून विड्या वळायची आणि कोनाड्यात एक ट्रान्झिस्टर असायचा. तिला वाचता येत नव्हतं. जगात काय चाललंय ते तिला त्या ट्रान्झिस्टरमधून कळायचं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रादेशिक बातम्या लागायच्या. त्या लागल्या की अम्मा आम्हाला गप्प बसवायची. बातम्या देणारा माणूस आधी स्वतःचं नाव सांगायचा. सुधा नरवणे हे नाव त्यामुळे आमच्या घरात नात्यातल्या बाईसारखं घेतलं जाई. आवाज ओळखीचा, नाव ठाऊक, केंद्राचं गाव ठाऊक. अम्माचं मराठी तेव्हा मोडकं होतं. तरी कुणी काही वेगळं सांगितलं तर ती म्हणायची, "सकाळी बाईंनी असं सांगितलं नाही."

हात गुंतलेल्या माणसाला आवाज लागतो, ही काही फक्त आमच्या घरातली गोष्ट नव्हे. केरळात कण्णूरला 1969 साली विडी कामगारांनी 'केरळ दिनेश बीडी' ही सहकारी संस्था काढली. तिकडच्या कामाच्या शेडमध्ये एक रीत होती. एक कामगार सगळ्यांना वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्या वेळात त्याच्या विड्या वळून होत नसत, म्हणून बाकीचे आपापल्या वाट्यातून थोड्या विड्या देऊन त्याची भरपाई करायचे. क्यूबात तर सिगार वळणाऱ्या कामगारांसाठी वाचक नेमण्याची पद्धत 1865 पासून आहे. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. 'मोंतेक्रिस्टो' नावाचा प्रसिद्ध सिगार आहे. कामगारांच्या आवडत्या कादंबरीवरून ते नाव पडलं असं सांगतात.

मला यातली गंमत वेगळीच वाटते. तो वाचक सगळ्यांसमोर बसलेला असायचा. चुकीचं वाचलं तर कुणीतरी लगेच टोकायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्याच माणसांसमोर पुन्हा बसायचं असायचं. बातमी सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यांची थोडी लाज होती. रेडिओवरच्या बाईंना आम्ही टोकू शकत नव्हतो, पण निदान त्यांचं नाव आम्हाला ठाऊक होतं.

मग फोन आला. मे 2003 पासून येणारे कॉल फुकट झाले आणि आमच्यासारख्यांच्या मनात फोन घ्यावा असं येऊ लागलं. कुंभारीला आल्यावर आम्ही पहिला फोन घेतला, नोकिया 1100. पुढं टॉर्च असलेला, धुळीला दाद न देणारा. या फोनच्या जगभरात पंचवीस कोटींच्या वर प्रती विकल्या गेल्या. त्यातला एक आमचा होता. तंबाखूच्या भुकटीनंही त्याचं काही बिघडलं नाही, हे मी आज दुकानदार म्हणून खात्रीनं सांगतो. तेव्हा फोनवर बोलायला पैसे पडायचे, म्हणून आम्ही मिस्ड कॉलची भाषा केली होती. ब्रँचमधून एक मिस्ड कॉल आला तर पान आलंय, दोन आले तर आज येऊ नका. त्या फोनवर कुणी खोटं सांगितलं तर कोण सांगतंय ते माहीत असायचं, कारण नंबर ओळखीचाच असायचा.

इंटरनेट तेव्हा आमच्या वसाहतीत चैनीची गोष्ट होती. महिनाभराच्या एक जीबीसाठी अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. हजार विड्यांच्या हिशोबानं जगणाऱ्या घराला ते कुठून परवडणार? सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, पहिले काही महिने सगळंच फुकट होतं आणि नंतर इतर कंपन्यांनाही दर खाली आणावे लागले. वर्ष-दीड वर्षात आमच्या गल्लीत सुपाशेजारचे ट्रान्झिस्टर गेले आणि मोबाईल आले. माझं दुकान चाललं ते त्यामुळेच, हे मी नाकारणार नाही. बायकांना तेलुगू मालिका, तेलुगू भजनं, हैदराबादच्या नातेवाइकांचे चेहरे घरबसल्या मिळू लागले. अम्माला तर साठीच्या घरात पहिल्यांदा तिच्या भाषेत मनासारखं ऐकायला मिळालं. त्याचं सुख मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

पण त्याच फोनमधून बातम्याही येऊ लागल्या. त्या बातम्यांना आवाज होता, चित्र होतं. सांगणाऱ्याचं नाव मात्र नव्हतं.

आता मी तुम्हाला जे सांगणार आहे ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

2018 चा जून महिना होता. दुकान बंद करताना एका ग्रुपवर एक व्हिडिओ आला. दोन माणसं मोटारसायकलवरून येतात, रस्त्यात खेळणाऱ्या एका पोराला उचलतात आणि निघून जातात. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. माझ्या पोटात गोळा आला. मी तो व्हिडिओ आणखी तीन ग्रुपवर पाठवला आणि खाली स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली. 'आपल्या भागातही टोळी आली आहे, मुलांना सांभाळा.' टोळी आल्याचं मला कुणीही सांगितलं नव्हतं. मला भीती वाटली होती, एवढंच खरं होतं. ती भीती मी बातमी करून पाठवली.

दोन दिवसांनी एक गिऱ्हाईक दुकानात आलं आणि मला तोच व्हिडिओ दाखवू लागलं. खाली माझीच ओळ होती. पण मधल्या वाटेत कुणीतरी 'आपल्या भागात' काढून 'कुंभारीत' घातलं होतं आणि पुढं जोडलं होतं, 'पोलिसांनी कळवले आहे.' मी ते वाचलं आणि क्षणभर मलाच वाटलं, अरे, म्हणजे खरंच होतं की! स्वतः पेरलेलं स्वतःला ओळखू येईना.

त्यानंतर तीन-चार दिवसांत आमच्या लाईनीत एक डवरी आला. डौर वाजवत घरोघर मागणारी ही माणसं आम्ही लहानपणापासून पाहत आलोय. त्या दिवशी मात्र बायकांनी पोरं आत ओढली आणि सात-आठ जणांनी त्याला घेरलं. कुणीतरी झोळी हिसकावून उपडी केली. पीठ, एक जुनी साडी, चार नाणी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड. एकानं त्याची कॉलर धरली. तो हात जोडून काहीतरी सांगत होता, पण ऐकून घेणारं कुणी नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या घरातल्या अक्का सूप बाजूला ठेवून उठल्या. पासष्टीच्या बाई, अंगठ्याबोटाला तंबाखूचा रंग चढलेला. त्या गर्दीत शिरल्या आणि कॉलर धरणाऱ्याला विचारलं, "पोर कुणाचं गेलं?" तो म्हणाला, "कुंभारीतलंच." "कुणाचं? नाव सांग. कुठल्या लाईनीतलं?" त्याला सांगता येईना. "कधी गेलं?" तेही सांगता येईना. "तुला कुणी सांगितलं?" "मोबाईलवर आलंय, अक्का." "मोबाईलला तोंड आहे का? पाठवलं कुणी?"

मी तिथंच उभा होतो. पाठवलं कुणी, हे त्या गर्दीत फक्त मला ठाऊक होतं. मी बोललो नाही.

अक्कांनी त्या माणसाची झोळी भरून दिली, दारात बसवून चहा पाजला आणि स्वतः रस्त्यापर्यंत जाऊन त्याला गाडीत बसवून दिलं. गर्दी पांगली. मी दुकानात येऊन शटर ओढून घेतलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत, 1 जुलै 2018 ला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवड्याच्या बाजारात भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते आणि त्यांतले बहुतेक आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. त्या वर्षी अशा अफवांमुळे देशात वीसहून अधिक माणसं मारली गेली. मी पाठवलेला व्हिडिओ मुळात कराचीतला होता. मुलांच्या सुरक्षेबद्दल लोकांना जागं करण्यासाठी तिथं तो बनवला होता. शेवटी ती मोटारसायकलवरची माणसं पोराला परत आणून सोडतात आणि हातात फलक धरतात. तो शेवट कुणीतरी कापला होता. राहिली ती फक्त पळवापळवी.

राईनपाड्याला माझी ओळ पोचली होती असं मी म्हणत नाही. पण आमच्या लाईनीत अक्का नसत्या तर काय झालं असतं, हा विचार अजूनही रात्री उठवतो.

त्या जुलैमध्येच व्हॉट्सअ‍ॅपनं पुढं पाठवलेल्या निरोपावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असा नियम केला. जानेवारी 2019 मध्ये तो नियम जगभर लागू झाला. एप्रिल 2020 मध्ये, करोनाच्या दिवसांत, खूप हातांतून फिरलेला निरोप एका वेळी एकालाच पाठवता येईल असं केलं. अशा निरोपावर दुहेरी बाणाची खूण येते. माझ्या दुकानात येणाऱ्या दहापैकी आठ जणांना ती खूण कशाची हे ठाऊक नसतं, म्हणून आज मुद्दाम सांगतो. दोन बाण दिसले की समजा, हे पाठवणाऱ्यानं पाहिलेलं नाही, त्याच्याकडे कुठून तरी वाहत आलेलं आहे. या बंधनानंतर असे निरोप सत्तर टक्क्यांनी घटले, असं कंपनीनं तेव्हा सांगितलं. ते चांगलंच झालं. पण निरोपात काय लिहिलंय ते कंपनी वाचू शकत नाही, कारण पाठवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये तो कुलूपबंद असतो. ते कुलूप आपल्याच भल्याचं आहे. तेव्हा खरं-खोटं ठरवायचं काम कंपनीवर पुरतं टाकता येत नाही.

मग सरकारनं करावं का? केंद्र सरकारनं 2023 मध्ये नियम बदलून अशी तरतूद केली की, सरकारच्या कारभाराबद्दलची कोणती माहिती खोटी हे सरकारचाच एक विभाग ठरवील. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर 2024 मध्ये ती तरतूद रद्द केली. ज्याच्याबद्दलची बातमी, त्यानंच ती खरी की खोटी हे ठरवायचं, हे काही बरोबर नाही.

विडी कामगाराला हे चटकन कळतं. आमच्याकडे ब्रँचमध्ये विड्या तपासायला एक माणूस बसतो. पोकळ विडी, फाटक्या पानाची विडी, सैल दोऱ्याची विडी तो बाजूला काढतो. तिला छाट म्हणतात. छाट जास्त निघाली की बाईची मजुरी बुडते. तपासणारा मालकाचा माणूस, त्यामुळे चांगली विडीही छाटीत जाते अशी तक्रार आमच्या बायका आयुष्यभर करत आल्या. म्हणून शहाणी बाई काय करते? ब्रँचला जायच्या आधी, कट्टा बांधताना, घरीच स्वतः छाट करते. प्रत्येक विडी बोटांत फिरवून बघते. अम्मा म्हणायची, "माझ्या हातची विडी आहे, वाईट निघाली तर नाव माझं जातं."

दिवसाला हजार विड्या बोटांत फिरवून बघणारा हात निरोप पुढं पाठवताना एकदाही थांबत नाही, याचं मला नवल वाटायचं. मग ध्यानात आलं, विडीवर आपलं नाव जातं तसं निरोपावर जात नाही असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात जातं. शेजारीण तो निरोप वाचते आणि म्हणते, "दुकानवाल्यानं पाठवलंय, म्हणजे खरं असेल." ज्याचं नाव नाही त्या बातमीला आपण आपलं नाव देतो.

आता तर काम आणखी अवघड झालंय. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्यानं कुणाचाही आवाज हुबेहूब तयार करता येतो, मराठीतही आणि तेलुगूतही. ओळखीचा आवाज म्हणजे खरा माणूस, हा अम्माचा हिशोब आता पुरत नाही. पोलिसांच्या गणवेशात व्हिडिओ कॉल करून "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे" असं सांगत लोकांना लुटतात. अशी अटक कायद्यात कुठंही नाही. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा. हा क्रमांक मी दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय.

त्याच्या खाली अक्कांचे प्रश्न लिहिलेत. कुणाचं? कुठलं? कधी? तुला कुणी सांगितलं? चार प्रश्न आहेत. त्यांना नेट लागत नाही, शिक्षण लागत नाही, अक्का तर सहीसुद्धा अंगठ्यानं करतात. एकाचंही उत्तर मिळालं नाही तर तो निरोप छाटीत टाकायचा. फोनची जागा मोकळी राहते, हा वरचा फायदा. ज्यांचा फोन भरलाय म्हणून माझ्याकडे येतात त्यांना मी आधी हेच सांगतो.

गेल्या वर्षी मी अक्कांकडे गेलो आणि त्यांना सांगितलं की त्या दिवशी ती ओळ मी लिहिली होती. त्यांनी हातातली विडी पुरी केली, दोरा तोडला आणि म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. तुझ्या तोंडावर दिसत होतं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण तेव्हाच बोलायला पाहिजे होतंस बाळा. मी म्हातारी. प्रत्येक लाईनीत मी कुठून येऊ?"

श्रोतेहो, त्यांचा हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतो. आज संध्याकाळी फोन हातात घ्याल तेव्हा दोन बाणांचा एखादा निरोप समोर येईलच. तो पुढं ढकलण्याआधी एकदा बोटांत फिरवून बघा.